जंगलाची रेषा कुठून गेली, हे गावाला कळेपर्यंत साठ दिवस संपलेले असतात

सदर, नागपूर : रामटेक, पारशिवनी, उमरेड, कुही, भिवापूर, हिंगणा, काटोल. या तालुक्यांतला माणूस सातबारा घेऊन नागपुरात आला की त्याची चक्कर बहुतेक सदर आणि सिव्हिल लाईन्सच्या पट्ट्यातच होते. जिल्हाधिकारी कार्यालय, वनभवन, हायकोर्टाचं खंडपीठ, सारं इथंच. आणि तो जंगलालगतच्या गावचा असेल तर प्रश्न ठरलेला असतो : आमचं वावर जंगलात गेलं का?

या प्रश्नाचं सरळ उत्तर कोणत्याच खिडकीवर मिळत नाही. त्यात दर वेळी कारकुनाचाच दोष असतो असं नाही. प्रश्नच अर्धा असतो. पूर्ण प्रश्न असा हवा : वावर कोणत्या रेषेच्या आत गेलं? कारण जंगलाभोवती एक रेषा नसते, तीन-चार असतात. प्रत्येक रेषेचा कायदा वेगळा, बंधनं वेगळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, रेषा आखताना गावाला विचारण्याची सक्तीही प्रत्येक ठिकाणी सारखी नाही.

नागपूर जिल्ह्यात हा विषय दोन-चार गावांपुरता राहिलेला नाही. उत्तरेला पेंच आहे. ते १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. उद्यान २५७ चौरस किलोमीटरचं, पण बफर धरून प्रकल्प सुमारे ७४१ चौरस किलोमीटरवर गेला. त्यालाच लागून मानसिंगदेव अभयारण्य. दक्षिणेला उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात पसरलेलं उमरेड-करांडला अभयारण्य. ते २०१२ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १८९ चौरस किलोमीटर. पश्चिमेला वर्धा जिल्ह्याच्या सीमेवर बोर, १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. त्यात गेल्या काही वर्षांत मोगरकसा आणि मुनिया या संवर्धन राखीव क्षेत्रांची भर पडली. तोतलाडोहचं पाणी, खिंडसीचा तलाव, रामटेकच्या टेकड्या पाहायला शनिवार-रविवारी नागपूरहून गाड्या येतात. जे शहराला पाहायला आवडतं, त्याच्या काठावर गावं राहतात. सीमा ठरली की पहिला फरक त्यांनाच पडतो.

रेषा चार, गावाचा आवाज वेगवेगळा

पहिली रेषा अभयारण्याची किंवा राष्ट्रीय उद्यानाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे सरकार आधी फक्त इरादा जाहीर करतं. अभयारण्यासाठी हे कलम १८ खाली होतं. त्यानंतर जिल्हाधिकारी गावागावात जाहीरनामा लावतात आणि हक्काचे दावे मागवतात. त्यासाठी मुदत दोन महिन्यांची. कोणाची जमीन, कोणाची चराई, कोणाची वाट, कोणाचं पाणी, याची चौकशी होते. जिल्हाधिकाऱ्यांना तीन मार्ग असतात : ती जमीन सीमेबाहेर काढायची, मोबदला देऊन संपादित करायची, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून हक्क चालू ठेवायचा. म्हणजे सीमेतून वावर बाहेर काढण्याची सोय कायद्यातच आहे. पण ती दावा करणाऱ्यासाठी आहे. घरी बसणाऱ्यासाठी नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी : इरादा जाहीर झाला की त्या क्षेत्रात वारसाहक्काशिवाय नवा हक्क तयार होत नाही.

दुसरी रेषा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरची. २००६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३८ व्ही आलं. गाभा क्षेत्र वेगळं आणि बफर वेगळं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. बफर म्हणजे माणूस आणि प्राणी दोघांनी राहायची जागा. त्याची हद्द ठरवताना संबंधित ग्रामसभेशी आणि तज्ज्ञ समितीशी विचारविनिमय करावाच लागतो. इथं ग्रामसभेचं नाव कायद्यात घेतलेलं आहे. बफर म्हणजे गाव उठवणार, ही भीती त्यामुळे चुकीची ठरते. गाव हलवण्याचा विषय गाभ्यातला आहे, आणि तिथंही पुनर्वसन लोकांच्या मर्जीने व्हावं असं कायदा सांगतो.

तिसरी रेषा संवर्धन राखीव क्षेत्राची, म्हणजे मोगरकसा आणि मुनियासारखी. ही फक्त सरकारी मालकीच्या जमिनीवर काढता येते. खासगी सातबारा तिच्यात जात नाही. स्थानिक लोकांशी बोलणं त्यातही सक्तीचं आहे. आणि ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत हे क्षेत्र येतं, त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी व्यवस्थापन समितीत असतो. आपल्या गावचा प्रतिनिधी कोण, हे ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही.

चौथी रेषा इको सेन्सिटिव्ह झोनची, म्हणजे पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची. सगळ्यात जास्त गोंधळ हिच्यावरून होतो. ही वन्यजीव कायद्याखाली येत नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येते आणि दिल्लीतलं पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय ती जाहीर करतं. खासगी शेत, गावठाण, रस्ता, तलाव, सगळं तिच्या आत येऊ शकतं. आणि ग्रामसभेची संमती? ती सक्तीची नाही. कायद्याने गावाला दिलेले आहेत फक्त ६० दिवस. मसुदा राजपत्रात आला, राजपत्राच्या प्रती लोकांसाठी उपलब्ध झाल्या की त्या तारखेपासून ६० दिवसांत हरकत किंवा सूचना पाठवायची. संपलं.

म्हणजे ज्या रेषेत गावाची सर्वात जास्त खासगी जमीन येते, त्याच रेषेत गावाचा आवाज सर्वात कमी धरलेला आहे. खरी अडचण इथं आहे.

साठ दिवस कुठं जातात?

राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत निघतं. मराठीत नाही. त्यात सीमेचं वर्णन असतं, नकाशा असतो, अक्षांश-रेखांशाचे आकडे असतात आणि गावांची यादी असते. वनखातं जंगल कक्ष क्रमांकाने मोजतं, महसूल खातं जमीन गट क्रमांकाने मोजतं आणि मसुद्यातली रेषा अक्षांश-रेखांशाने चालते. तीन खात्यांच्या तीन भाषा. शेतकऱ्याला मात्र आपल्या वावराची हद्द धुऱ्यावरच्या बाभळीने आणि नाल्याच्या वळणाने माहीत असते. मसुद्यात गावाचं नाव दिसलं की सारं गाव गेलं, असं गृहीत धरलं जातं. नाव दिसलं नाही की गाव निवांत होतं. दोन्ही अंदाज चुकू शकतात.

मग होतं असं, की बातमी येते, सभा होते, रस्ता रोखला जातो, निवेदन दिलं जातं. निवेदनात लिहिलेलं असतं, 'झोन रद्द करा'. गट क्रमांक कुठंच नसतो. ते निवेदन तहसीलमध्ये जातं. हरकत मात्र दिल्लीला मंत्रालयाच्या सचिवांकडे जायला हवी असते. मुदत संपते आणि फाईलमध्ये त्या गावाचा एकही कागद नसतो. खाणवाल्याकडे, रिसॉर्टवाल्याकडे वकील असतो, सर्वेक्षण करणारा असतो. त्यांचं म्हणणं वेळेत आणि नकाशासह पोचतं. गावाचं म्हणणं घोषणेत राहून जातं.

खरं पाहिलं तर गावाला संधी मसुद्याच्याही आधी असते. केंद्राने ९ फेब्रुवारी २०११ रोजी या झोनबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. झोन किती रुंद असावा, त्यात काय असावं, हे सुचवायला समिती करायची. तिच्यात वन्यजीव अधिकारी, पर्यावरणाचा जाणकार, महसूल अधिकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा अधिकारी असावा, असं त्यात आहे. पंचायतीच्या बाजूने बसणाऱ्याने गावाशी न बोलताच सही केली, तर पुढच्या ६० दिवसांत ती चूक दुरुस्त करणं अवघड होऊन बसतं.

दहा किलोमीटर, एक किलोमीटर : घोळ कुठून आला

लोकांच्या डोक्यात दोन आकडे पक्के बसले आहेत, १० किलोमीटर आणि १ किलोमीटर. दोन्ही खरे आहेत, पण अर्धवट.

१० किलोमीटरचा आकडा २००२ च्या वन्यजीव संवर्धन धोरणातून आला. उद्यान-अभयारण्याच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या आतली जमीन संवेदनशील म्हणून जाहीर करावी, असं त्यात होतं. राज्यांनी विरोध केला. शहरं, धरणं, कारखाने त्यात येत होते. २०११ च्या सूचनांनी लवचीकता आणली. कुठं झोन काही मीटरचा, तर कुठं कित्येक किलोमीटरचा ठेवता येतो. जागा पाहून ठरवायचं.

मग ३ जून २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याभोवती किमान १ किलोमीटरचा झोन हवाच, आणि त्यात नवं कायम बांधकाम नको. केरळात शेतकरी रस्त्यावर आले. गावंच्या गावं त्या एका किलोमीटरमध्ये बसत होती. पुढे २६ एप्रिल २०२३ रोजी कोर्टानेच तो आदेश सैल केला. जिथं मसुदा किंवा अंतिम अधिसूचना निघालेली आहे, तिथं १ किलोमीटरची सक्ती लागू होणार नाही, असं सांगितलं. एक गोष्ट मात्र कायम ठेवली : उद्यान-अभयारण्याच्या आत आणि सीमेपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकाम नाही.

उमरेडला वेकोलिच्या खुल्या कोळसा खाणी आहेत, दगडखाणी तर तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यामुळे ही शेवटची ओळ आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. खाणीजवळच्या गावांना धुळीचा, स्फोटांचा, विहिरी आटण्याचा त्रास सांगावा लागत नाही. अशा गावासाठी झोनची रेषा आड येणारी भिंत ठरत नाही, आडोसा ठरू शकते. सरसकट 'रद्द करा' म्हणताना हा आडोसाही जातो, याचा हिशेब सभेत कोणी मांडत नाही.

झोनमध्ये काय बंद, काय चालू?

आतापर्यंतच्या अशा अधिसूचनांचा साचा जवळपास सारखा आहे. तीन याद्या असतात : बंद, नियंत्रित आणि चालू.

बंद यादीत येतात व्यापारी खाणी, दगडखाणी, गिट्टी क्रशर, प्रदूषण करणारे नवे कारखाने, नव्या आरागिरण्या, घातक रसायनांचे उद्योग. नवं व्यापारी हॉटेल किंवा रिसॉर्ट सीमेपासून १ किलोमीटरच्या आत, किंवा झोन त्याहून अरुंद असेल तर झोन संपेपर्यंत, साधारणपणे चालत नाही. पर्यटनासाठी लहान तात्पुरत्या बांधकामाला तेवढी सवलत असते.

चालू यादीत असते शेती, फळबाग, दुधाचा धंदा, पावसाचं पाणी अडवणं, सेंद्रिय शेती, कुटीरोद्योग. स्थानिक माणसाला स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधता येतं. घर दुरुस्त करायला माती खणणं, घरापुरत्या विटा किंवा कवेलू पाडणं, याला बंदीतून सूट दिलेली असते. झोन लागला म्हणजे नांगर थांबला, ही अफवा आहे. जमीन विकायलाही झोन बंदी घालत नाही.

मग अडचण कुठं येते? जमिनीचा वापर बदलताना. शेतीची जमीन व्यापारी प्लॉट, मोठा प्रकल्प किंवा कारखान्यासाठी वळवता येत नाही. स्थानिकांच्या राहण्याच्या गरजेसाठी परवानगी मिळू शकते, पण तिला देखरेख समितीची शिफारस आणि राज्य सरकारची मान्यता लागते. म्हणजे ज्याला वावरात कापूस, सोयाबीन, संत्रा, धानच घ्यायचं आहे, त्याचं फार बिघडत नाही. ज्याला उद्या रस्त्यालगतचं वावर ढाब्याला किंवा प्लॉटला द्यायचं आहे, त्याचं बिघडतं. गरीब शेतकऱ्यासाठी हीही लहान गोष्ट नाही. पोरीचं लग्न, दवाखाना, कर्ज, अशा वेळी रस्त्याकाठचा तुकडा हीच त्याची ठेव असते. झोनमुळे त्या ठेवीचा भाव कमी होत असेल तर ते नुकसान आहे, आणि त्याचा मोबदला या अधिसूचनेत कुठंच नसतो. ही हरकत रास्त आहे. ती गट क्रमांकासह लिहून जायला हवी.

अफवेचं नुकसान यापेक्षा मोठं असतं. 'जमीन जाणार आहे, मिळेल त्या भावात काढून टाक' असं कोणी पारावर सांगू लागलं की समजावं, घाबरलेल्याची जमीन स्वस्तात घेणारा जवळपासच आहे. जो अधिसूचना वाचतो तो विकत घेतो. जो वाचत नाही तो विकून मोकळा होतो.

तोतलाडोहचा धडा

सीमा कागदावर अर्धवट राहिली की काय होतं, ते पेंचच्या पाण्यात दिसलं. तोतलाडोहचा जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश, दोन्ही राज्यांत पसरला आहे. मध्य प्रदेश सरकारने आपल्या बाजूच्या पेंच राष्ट्रीय उद्यानासाठी १९८३ साली इरादा जाहीर केला. उद्यानातून हललेल्या आदिवासी कुटुंबांच्या मासेमारीचा प्रश्न लोंबकळत राहिला. १९९६ साली ३०५ कुटुंबांना जलाशयात मासेमारीचे परवाने दिले गेले. पर्यावरणवादी संस्था सुप्रीम कोर्टात गेली.

मार्च १९९७ मध्ये निकाल लागला. इरादा जाहीर होऊन १४ वर्षं झाली तरी उद्यानाची अंतिम अधिसूचना निघालेलीच नव्हती. हक्काचे दावे मिटवण्याचं काम कायद्याने आधी व्हायला हवं होतं, तेच रेंगाळलं होतं. कोर्टाने परवाने रद्द केले नाहीत. फोटोचं ओळखपत्र, काठावर आग लावायची नाही, जंगलात इतरत्र फिरायचं नाही, अशा अटी घातल्या. आणि अंतिम अधिसूचना लवकर काढा, असं सरकारला बजावलं.

१४ वर्षं रेषा हवेत राहिली. त्या काळात मासे धरणारा माणूस कायद्याने चोर होता की हक्कदार, हे कोणालाच ठाम सांगता येत नव्हतं. जंगलाचा त्यात फायदा झाला नाही आणि माणसाचाही नाही. सीमा कडक असली तर तिच्याशी भांडता येतं, धूसर सीमेशी भांडायलाही जागा सापडत नाही.

सहा मसुदे आणि एकही रेषा नाही

धूसर सीमेचं सगळ्यात मोठं उदाहरण पश्चिम घाटाचं आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ साली अहवाल दिला, त्यावर कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये दुसरा दिला. केंद्राने सहा राज्यांत मिळून ५६ हजारांहून जास्त चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचवलं. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटरचा. पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. मुदतीत अंतिम झाला नाही की मसुदा बाद होतो, मग पुन्हा नवा. २०१५, २०१७, २०१८, २०२२ असं करत ३१ जुलै २०२४ रोजी सहावा मसुदा निघाला.

अडचण कशात होती? एकक गाव धरलं होतं. गावाचं २० टक्के किंवा त्याहून जास्त क्षेत्र संवेदनशील निघालं की अख्खं गाव यादीत. मग ज्यांची शेती डोंगरापासून लांब, तेही यादीत आले आणि चिडले. राज्यांनी गावं वगळा म्हणून पत्रं धाडली. वगळताना खाणीची आणि उद्योगाची गावं वगळली जातात की शेतकऱ्यांची, हा दुसरा वाद. दहा वर्षांत सहा मसुदे झाले, पण ना शेतकरी निर्धास्त झाला, ना डोंगर सुरक्षित झाला.

यातून आपल्या भागाने घ्यायची गोष्ट सोपी आहे. रेषा गावाच्या नावावर थांबली की अन्याय होतो. ती गटापर्यंत उतरली तर निम्मी भांडणं मिटतात. गटापर्यंत उतरवण्याचं काम दिल्ली करणार नाही, ते गावालाच करावं लागेल.

झुडपीचा गुंता आपलाच

पूर्व विदर्भाला आणखी एक जुनं दुखणं आहे, ते म्हणजे झुडपी जंगल. मध्य प्रांताच्या काळापासून महसूल दप्तरात ही नोंद चालत आली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अशा सहा जिल्ह्यांत ८६ हजार हेक्टरहून जास्त जमिनीवर ती आहे. जागेवर पाहिलं तर कुठं गायरान, कुठं स्मशान, कुठं शाळा, कुठं अख्खी वस्ती. कागदावर मात्र जंगल.

सुप्रीम कोर्टाने २२ मे २०२५ रोजी निकाल दिला : झुडपी जमीन ही वनजमीनच. पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी, असा मार्गही दिला. म्हणजे जिथं माणसं राहतात ते नियमित व्हायची वाट उघडली, आणि उरलेल्या जमिनीवर जंगलाचा शिक्का घट्ट बसला.

झोनच्या मसुद्यावर हरकत लिहिताना आपल्या गटावर झुडपीची नोंद आहे का, हे आधी पाहायला हवं. तसं असेल तर तो वाद झोनचा नाहीच, वन संवर्धन कायद्याचा आहे. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध लावत बसलं तर दोन्ही तशीच राहतात.

वाघाला रेषा दिसत नाही

मग रेषा हवीच कशाला, असंही कोणी विचारेल. त्याचं उत्तर 'जय' नावाच्या वाघाने दिलं आहे. हा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत उमरेड-करांडल्यात आला. त्याच्यामुळे करांडल्याच्या गेटवर गाड्यांच्या रांगा लागल्या. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला आणि पुन्हा सापडला नाही. त्याचा बछडा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने मेला.

अभयारण्य १८९ चौरस किलोमीटरचं, पण वाघाची चाल त्याहून लांब. मधली सगळी जमीन शेतकऱ्याची. ती जमीन खाणीने, कारखान्याने, प्लॉटने भरली तर वाघ गावात शिरतो, रानडुक्कर तर आधीच शिरलेलं आहे. ती शेतीच राहिली तर दोघांनाही थोडी जागा राहते. झोनचा मूळ हेतू इतकाच. पण हा हेतू शेतकऱ्याच्या जमिनीवर चालतो, म्हणून त्याची किंमतही एकट्या शेतकऱ्याने भरू नये. पर्यटनाच्या तिकिटाचा पैसा, कुंपणाची योजना, रात्रीऐवजी दिवसा वीज, पिकाच्या नुकसानीचा वेळेत पंचनामा, हे सगळं हरकतीत आणि पुढे झोनच्या आराखड्यात मागता येतं. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई झोनच्या रेषेवर अवलंबून नाही. वावर आत असो की बाहेर, पंचनाम्याचा हक्क सारखाच.

ग्रामसभेला काय करता येईल

पहिलं काम म्हणजे मसुदा निघाला की राजपत्राची प्रत मिळवणं. मोबाईलवर ती मिळते. गावांची यादी आणि नकाशा आधी पाहावा. तलाठी आणि वनरक्षक दोघांना ग्रामसभेत बोलावून कक्ष क्रमांक आणि गट क्रमांक समोरासमोर लावून घ्यावे. कोणते गट पूर्ण आत, कोणते अर्धे, कोणते बाहेर, अशी यादी करून ठरावाला जोडावी.

दुसरं, हरकत सरसकट नको. या गटात गावठाण वाढतं आहे, हा पांदण रस्ता आहे, हा मामा तलाव आहे, इथं मोहफूल आणि तेंदूपत्ता गोळा होतो, इथून गुरं पाण्याला जातात. जे वगळावं ते लिहावं आणि जे आत ठेवावं तेही लिहावं. खाणीचा गट आत ठेवा, असं गावाने लेखी मागितलं तर त्याला वजन असतं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची नोंदवही असेल तर तिची पानं जोडावीत. हे सगळं ६० दिवसांच्या आत, मसुद्यात छापलेल्या मंत्रालयाच्या पत्त्यावर आणि ईमेलवर, पोच ठेवून पाठवावं.

तिसरं, अंतिम अधिसूचना निघाली म्हणून काम संपत नाही. राज्याने त्यानंतर दोन वर्षांत स्थानिकांशी बोलून झोनचा विभागीय आराखडा करायचा असतो. खरा तपशील तिथं ठरतो : घर कुठं, रस्ता कुठं, पर्यटनाची सोय कुठं. देखरेख समितीचे अध्यक्ष बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी असतात. म्हणजे तिथलं म्हणणं दिल्लीला न जाता सिव्हिल लाईन्समध्येच मांडता येतं.

चौथं काम रेषेची वाट न पाहता करण्यासारखं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गाव स्वतःच आपली पारंपरिक हद्द नकाशावर काढून सामूहिक वनहक्काचा दावा करतं. शेजारच्या गावांशी बसून, वनहक्क समितीमार्फत. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. गावाने आधी आपली रेषा काढली होती, म्हणून पुढे कोणाला त्या जंगलाबद्दल काही ठरवायचं तर गावाला विचारावं लागतं. ज्या गावाचा दावा मंजूर आहे, त्याच्याकडे झोनच्या चर्चेत ठेवायला सरकारी शिक्क्याचा नकाशा असतो. ज्याचा नाही, त्याच्याकडे फक्त म्हणणं असतं.

सदरहून शेवटच्या बसने गावी परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत सातबारा असतो. त्याला आता दोन कागद आणखी लागतील : गावाचा गट नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव, तोही तारीख घातलेला. मसुदा कधी निघेल ते गावाच्या हातात नाही. पण ही तयारी आजच्या ग्रामसभेत झाली असेल, तर ६० दिवस पुरतात.